डॉ. जोसेफ वुल्फ : एका चुकलेल्या सालाचे चरित्र



आपल्यापैकी ज्यांनी नवा रायपूर पाहिले असेल, त्यांना तेथील रुंद, सरळ व बरेचसे मोकळे रस्ते आठवत असतील. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि जुन्या रायपूरच्या बाहेर शेतशिवारांवर नव्या राजधानीची आखणी झाली. २०१२ साली मंत्रालय महानदी भवनात आले, २०१८ साली नगराच्या नावाला अटलबिहारी वाजपेयींचे नाव जोडले गेले. बांधकाम मात्र अजून चालूच आहे. कुंपणाकुंपणावर फलक आहेत आणि काम केव्हा पूर्ण होणार त्याची तारीख त्यांवर रंगवलेली आहे. ती तारीख उलटते, रंग उडतो, पुन्हा नवी तारीख येते. आम्हा रायपूरकरांना त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

परंतु २०२० च्या महामारीत याच परिसरातील आमच्या एका लहानशा मराठी प्रार्थनामेळ्यात निराळीच तारीख येऊन पोहोचली. कोणाच्या तरी फोनवर एक लांबलचक संदेश आला होता. त्यात दानीएल व प्रकटीकरण या पुस्तकांतील आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून प्रभूच्या पुनरागमनाचे साल काढून दिले होते. काहींनी तो संदेश पुढे पाठवला, काहींनी हसून सोडून दिला. एका आजीबाईंनी मात्र मला बाजूला घेऊन अगदी साधा प्रश्न विचारला. नातीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी घालायचे होते. चार वर्षांचा अभ्यासक्रम, कर्ज काढावे लागणार. साल जर खरे असेल तर कर्ज काढावे की नाही?

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेवटच्या काळाविषयी आपण जे काही शिकवतो, त्याची किंमत अशा एखाद्या घरात कोणीतरी मोजत असते. त्या दिवशी मी आजींना एका माणसाची गोष्ट अर्धीमुर्धी सांगितली. ती आज आपणांस पूर्ण सांगतो. हा माणूस भला होता, शूर होता, पवित्र शास्त्राचा गाढा अभ्यासक होता, आणि त्याने जगभर फिरून एक साल सांगितले होते. ते साल म्हणजे १८४७.

जोसेफ वुल्फ यांचा जन्म १७९५ साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, वाइलर्सबाख या खेड्यात एका यहुदी रब्बीच्या घरी झाला. घरात मशीहाची वाट पाहणे हा रोजच्या बोलण्याचा विषय होता. संध्याकाळी वडीलधारी मंडळी जमत, यरुशलेमाच्या आठवणी निघत, मशीहा आला म्हणजे इस्राएलाला कोणते वैभव प्राप्त होईल हे बोलले जाई आणि लहानगा मुलगा ते ऐके. सात-आठ वर्षांचा असताना तो शेजारच्या एका वृद्ध ख्रिस्ती न्हाव्यापाशी जाऊन याच वैभवाच्या बढाया मारू लागला. त्या काळी न्हावीच शस्त्रवैद्याचेही काम करीत. त्या सज्जनाने वाद घातला नाही. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय घरी जाऊन वाच, एवढेच त्याने मुलाला सांगितले. मुलाने तो वाचला आणि दुःख सोसणारा हा सेवक कोण, असे वडिलांना विचारले. वडील काही बोलले नाहीत. त्या मौनाने त्या मुलाच्या मनात जे पेरले, ते पुढे उगवले.

पुढची कथा प्रवासांची आहे. ती थोडक्यात सांगून पुढे जातो. कोवळ्या वयात त्यांनी घर सोडले. १८१२ साली प्राग येथे त्यांचा रोमन कॅथलिक मंडळीत बाप्तिस्मा झाला व तेथेच त्यांनी जोसेफ हे नाव घेतले. व्हिएन्ना, ट्युबिंगन, रोम अशी शिक्षणाची ठाणी झाली. संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे आदर्श. आपणही पूर्वेकडे जाऊन तसेच कार्य करावे, हे त्यांचे स्वप्न होते. परंतु रोममध्ये शिकताना आपल्या गुरूंशी उघड मतभेद बोलून दाखवण्याची त्यांची सवय त्यांना भोवली आणि १८१८ साली त्यांना तेथून निघावे लागले. इंग्लंडमध्ये ते प्रॉटेस्टंट मंडळीत आले, केंब्रिजला चार्ल्स सिमियन व प्राच्यभाषापंडित सॅम्युअल ली यांच्या सहवासात राहिले आणि १८२१ पासून यहुदी लोकांत सुवार्ता सांगण्यासाठी मिसर, पॅलेस्टाइन, मेसोपोटेमिया व इराण येथे हिंडू लागले.

वुल्फ हे दिसायला रुबाबदार नव्हते. कपड्यांची शुद्ध नसे, व्यवहाराच्या साध्या गोष्टी त्यांना जमत नसत आणि स्वतःविषयी बोलायला ते कधी संकोचले नाहीत. तरीही जे त्यांना भेटत ते त्यांना विसरत नसत. १८२७ साली त्यांचा विवाह इंग्लंडच्या एका उमराव घराण्यातील लेडी जॉर्जियाना वॉल्पोल यांच्याशी झाला, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या.

आता त्या सालाकडे येऊ. १८२६ साली इंग्लंडमधील ऑल्बरी या गावी, हेन्री ड्रमंड नावाच्या धनिकाच्या घरी, काही पाळक व धर्मशील गृहस्थ भविष्यवाण्यांचा अभ्यास करण्यासाठी जमले. प्रसिद्ध वक्ते एडवर्ड अर्व्हिंग त्यांत होते, वुल्फही होते. फ्रान्सची राज्यक्रांती व नेपोलियनच्या लढाया ज्यांनी आपल्या आयुष्यात पाहिल्या होत्या, अशी ती पिढी होती. सिंहासने कोसळताना पाहिलेल्या माणसाला प्रकटीकरणाचे पुस्तक फार जवळचे वाटते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

त्यांचा हिशोब असा होता. दानीएलाच्या आठव्या अध्यायात पवित्रस्थानाच्या शुद्धीविषयी २३०० दिवसांचा उल्लेख आहे. गणनाच्या चौदाव्या व यहेज्केलाच्या चौथ्या अध्यायात एका दिवसाबद्दल एक वर्ष धरल्याचे उदाहरण सापडते. म्हणून २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे. आता आरंभाचे साल ठरवले की झाले. वुल्फ यांनी ख्रिस्तपूर्व ४५३ धरले. २३०० मधून ४५३ वजा केले की १८४७ उरतात. अमेरिकेतील विल्यम मिलर यांनी ख्रिस्तपूर्व ४५७ धरले व त्यांचे उत्तर १८४३ आले. मग कोणाच्या तरी लक्षात आले की ख्रिस्तपूर्व १ नंतर एकदम इसवी सन १ येतो, मध्ये शून्य साल नाही, म्हणून एक वर्ष वाढवले पाहिजे. तेव्हा मिलरपंथीयांची तारीख १८४४ वर गेली. त्याच न्यायाने वुल्फ यांचे साल १८४८ व्हायला हवे होते. दुकानाची वही लिहिणाऱ्या कोणाही कारकुनाच्या ध्यानात येणारी ही गोष्ट थोरथोर पंडितांच्या नजरेतून निसटली होती! त्यांच्याही आधी, अठराव्या शतकात, जर्मनीचे अत्यंत आदरणीय भाष्यकार बेंगेल यांनी १८३६ हे साल काढून ठेवले होते.

आपण विचाराल, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातील प्रभूचे वचन वुल्फ यांना ठाऊक नव्हते काय? तो दिवस व ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, दूतांना नाही, पुत्रालाही नाही, हे तेथे स्पष्ट सांगितले आहे. वुल्फ यांना ते ठाऊक होते व ठिकठिकाणच्या वादांत ते त्यांच्यासमोर ठेवलेही जात असे. त्यांचे उत्तर असे की, प्रभूने दिवस व घटका झाकून ठेवली, पण काळ जवळ आल्याची चिन्हे दिली. अंजिराला पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कळते, त्याप्रमाणे दिवस नाही तरी साल कळू शकते. हा युक्तिवाद चलाख आहे. पण प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात शिष्यांनी राज्याविषयी विचारले तेव्हा प्रभूने दिवस-घटकेचेच नव्हे, तर काळ व समय यांचेही ज्ञान पित्याच्या अधिकारात ठेवले. ते दार तेथे बंद होते. अंजिराच्या पालवीवरून उन्हाळा कळतो. कोणत्या मंगळवारी ऊन पडेल ते कळत नाही आणि कोणत्या साली, हेही नाही.

या सालाचा निरोप घेऊन वुल्फ निघाले. त्या काळी बहुसंख्य मिशनरी मंडळींची समजूत निराळी होती. सुवार्ता हळूहळू सर्व राष्ट्रांत पसरेल, शांतीचे सहस्रक येईल आणि त्यानंतर प्रभू येईल, असे ते मानीत. वुल्फ यांचे म्हणणे उलट होते. प्रभू आधी येईल व सहस्रक त्यानंतर. हे दोन्ही पक्ष आजही आपल्या मंडळ्यांत आहेत, आणि सहस्रक हे ख्रिस्ताच्या आजच्याच राज्याचे रूपक आहे असे मानणारा तिसरा, फार जुना पक्षही आहे. या लेखात त्यांचा निवाडा करण्याचा माझा विचार नाही. तीनही पक्षांतील शहाण्या माणसांनी साल सांगण्याचे टाळले, एवढे ध्यानात ठेवावे.

मध्य आशियातील बुखारा शहरात जाऊन तेथील यहुद्यांना त्यांनी उपदेश केला. वाटेत खोरासानात दरोडेखोरांनी त्यांना धरून गुलाम केले. तेथून सुटका झाली. १८३२ साली अफगाणिस्तानच्या डोंगरांत त्यांच्या अंगावरचे कपडेसुद्धा लुटले गेले आणि शेकडो मैलांची वाट त्यांनी बर्फातून जवळजवळ उघड्या अंगाने तुडवली. काबूलला ते पोहोचले तेव्हा प्रसिद्ध प्रवासी अलेक्झांडर बर्न्स यांची तेथे त्यांच्याशी भेट झाली. मग पंजाबात महाराजा रणजितसिंहांची भेट, सिमल्यास गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक यांचा पाहुणचार, दिल्ली, लखनौ, कलकत्ता, मद्रास, असा प्रवास झाला. मद्रासकडे पटकीने त्यांना गाठले, त्यातूनही ते वाचले. मलबारातील सुरियानी ख्रिस्ती मंडळ्या पाहून ते गोव्याला आले. ज्या झेवियरांसारखे होण्याचे स्वप्न त्यांनी तरुणपणी पाहिले होते, त्या झेवियरांचे शरीर जुन्या गोव्याच्या बॉम जेझू मंदिरात आहे. तेथून मुंबई. हे १८३३ साल.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून त्या वर्षीचे मुंबई व महाराष्ट्र डोळ्यांपुढे आणा. अमेरिकन मराठी मिशन १८१३ पासून मुंबईत काम करीत होते. त्यांचा मराठी नवा करार १८२६ साली छापून निघाला होता. अहमदनगरचे काम सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली आले होते आणि त्यांनी १८३२ साली सुरू केलेल्या लहानशा शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. त्यांच्या पत्नी मार्गारेट मुलींच्या शाळा चालवीत होत्या. आणखी दोन वर्षांनी त्यांचे निधन व्हायचे होते. ही सारी माणसे व्याकरणे लिहीत होती, खिळे जुळवीत होती, पोरांना बाराखडी शिकवीत होती. आणि त्यांच्या शहरात एक पाहुणा आला, जो सांगत होता की जगाच्या या व्यवस्थेला आता चौदा वर्षे उरली आहेत.

चौदा वर्षांत काय होते? बाराखडी शिकणारे पोर तरुण होते. वुल्फ यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून त्या शाळा बंद केल्या असत्या तर? कोणी बंद केल्या नाहीत. १८४२ साली, म्हणजे जाहीर केलेल्या सालाच्या पाच वर्षे आधी, अहमदनगराहून 'ज्ञानोदय' सुरू झाला. पाच वर्षांसाठी कोणी नियतकालिक काढत नाही.

स्वतः वुल्फ यांनीही हातावर हात ठेवून वाट पाहिली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ॲबिसीनिया, येमेन आणि मग अमेरिका. १८३७ साली तेथे त्यांनी काँग्रेसच्या सभासदांपुढे प्रवचन केले व त्याच वर्षी त्यांना डीकनची दीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी आयर्लंडमध्ये त्यांची पाळकदीक्षा झाली. मग यॉर्कशायरमधील गरीब मंडळीत त्यांनी काम केले.

१८४३ साली बातमी आली की कर्नल स्टॉडर्ट व कॅप्टन कॉनोली हे दोन इंग्रज अधिकारी बुखाऱ्याच्या अमीराच्या कैदेत आहेत. ते जिवंत आहेत की नाहीत ते कळेना. सरकार काही करीना. तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे, प्रकृतीने थकलेले वुल्फ स्वतः होऊन पुढे आले. १८४४ च्या एप्रिलमध्ये पाळकाचा काळा झगा व पदवीधराचे शिरोवेष्टन घालून, हातात उघडे पवित्र शास्त्र धरून ते बुखारा नगरीत शिरले. त्यांना पाहायला हजारो लोक रस्त्यांवर लोटले. तेथे त्यांना कळले की दोघांचाही शिरच्छेद १८४२ सालीच झाला होता. अमीर नसरुल्लाने त्यांनाही कोंडले. मृत्यूची छाया महिनोन् महिने डोक्यावर होती. शेवटी इराणच्या वकिलाच्या मध्यस्थीने ते सुटले.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. ज्याच्या मते तीन वर्षांनी सारे काही संपणार होते, तो माणूस दोन अनोळखी कैद्यांसाठी आपला जीव धोक्यात घालायला गेला. अंत जवळ आहे असे मानून कोणी कामधंदा सोडून छपरावर जाऊन बसतो. पौलाला थेस्सलनीकाच्या मंडळीतल्या अशाच मंडळींना दुसऱ्या पत्रात खडसावावे लागले होते. वुल्फ यांची गणिते चुकली. पण प्रभू येईल तेव्हा आपण कोठे सापडावे, याची त्यांची समज अनेक अचूक गणित्यांपेक्षा चांगली होती.

त्याच १८४४ सालच्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत मिलर यांचे हजारो अनुयायी रात्रभर वाट पाहत बसले. काहींनी शेतातले पीक कापलेही नव्हते. पहाट झाली, प्रभू आला नाही. ती निराशा इतिहासात महानिराशा म्हणून ओळखली जाते. अलीकडे २०११ साली अमेरिकेतील रेडिओ प्रचारक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे ही तारीख दिली, मग ऑक्टोबरची दिली. पुढच्या वर्षी त्यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली आणि २०१३ साली ते वारले. त्यांच्यावर विसंबून साठवलेला पैसा खर्चून टाकणारी कुटुंबे होती. आमच्या आजींच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू.

बुखाऱ्याहून परतल्यावर १८४५ साली वुल्फ यांना सॉमरसेटमधील आइल ब्रूअर्स या लहानशा खेड्याची मंडळी सोपवण्यात आली. आणि तेथे, चिखलाच्या वाटा व गरीब शेतमजूर यांच्यामध्ये, १८४७ उजाडले. चिन्हे शोधणाऱ्याला चिन्हांची वाण नव्हती. शेजारच्या आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून माणसे उपासमारीने मरत होती. पुढच्याच वर्षी युरोपभर क्रांत्या पेटायच्या होत्या. पण १८४७ चा ३१ डिसेंबर इतर कोणत्याही वर्षाच्या ३१ डिसेंबरसारखाच मावळला.

त्यांना पूर्वी कोणीतरी विचारले होते असे सांगतात, की हे साल आले आणि काहीच घडले नाही तर आपण काय म्हणाल? वुल्फ चुकला, एवढेच म्हणेन, असे त्यांनी सरळ उत्तर दिले होते. आणि वेळ आली तेव्हा ते तसेच वागले. त्यांनी नवे साल काढले नाही. प्रभू गुप्तपणे, अदृश्य रूपाने आला असा खुलासाही केला नाही. साल सांगण्यात आपली चूक झाली हे त्यांनी कबूल केले, आणि प्रभू येणार आहे हा विश्वास मात्र मरेपर्यंत सोडला नाही. तारखा सांगणाऱ्यांच्या लांबलचक यादीत असे करणारे फार थोडे आहेत.

त्यांचे साल खरे ठरले असते तर कोणाला प्रभूची ओळख झाली नसती, याचा मी कधीकधी विचार करतो. १४ मार्च १८४८ रोजी, म्हणजे ते साल उलटून अडीच महिने होतात तोच, जौनपूर येथे नीळकंठशास्त्री गोऱ्हे या काशीच्या विद्वान मराठी ब्राह्मणाचा बाप्तिस्मा झाला व ते नेहेम्या गोऱ्हे झाले. अनंत शिक्षेच्या सिद्धांताने त्यांच्या मनाला आयुष्यभर टोचणी लावली, ती निराळी कथा. बाबा पदमनजी १८५४ साली आले. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, नारायण वामन टिळकांचा १८६१ चा. आणि आमच्या छत्तीसगडात ऑस्कर लोर १८६८ साली रायपूरला आले. त्यांनी जेथे वसाहत केली त्या गावाला विश्रामपूर असे नाव दिले. दुसऱ्या पेत्राच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की ज्याला लोक उशीर म्हणतात तो उशीर नसून, कोणाचा नाश होऊ नये म्हणून दाखवलेली सहनशीलता आहे. ही नावे डोळ्यांपुढे ठेवून तो अध्याय वाचून पाहा.

आजींनी कर्ज काढले. नात आज एका रुग्णालयात रात्रपाळी करते.

वुल्फ यांचे उरलेले आयुष्य त्या खेड्यातच गेले. त्यांनी आपल्या प्रवासांचे मोठे आत्मवृत्त १८६० च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यात साहसे आहेत, पुष्कळ बढायाही आहेत. १८५९ साली लेडी जॉर्जियाना वारल्या. गावचे जुने चर्च मोडकळीस आले होते. ते पाडून त्यांनी नवे दगडी चर्च उभारण्याचे मनावर घेतले व १८६१ साली ते पुरे झाले. पक्का पाया, पुढच्या पिढ्यांसाठी बांधलेल्या भिंती. हे बांधणारा माणूस तोच, ज्याने मुंबईकरांना चौदा वर्षे उरली म्हणून सांगितले होते.

२ मे १८६२ रोजी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी आइल ब्रूअर्स येथे त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी ते पूर्वेकडच्या आणखी एका मिशनरी प्रवासाची तयारी करीत होते.